मॅसी 1035 चं ऑइल गळत होतं, त्याची हकिकत

आमच्याकडं नोव्हेंबर 1994 ची नोंदणी असलेला मॅसी फर्ग्युसन 1035 आहे, एमएच 09 पासिंगचा. तीन सिलिंडरचं सिम्प्सनचं इंजिन, मूळ बनावट पर्किन्सची. 2024 च्या पावसाळ्यात त्याच्या पोटाखाली ऑइल पडायला लागलं, आणि ते थांबायला सप्टेंबर संपत आला. या सगळ्यात कोणी काय सांगितलं, काय खरं निघालं, किती पैसे गेले ते लिहून ठेवतोय. जुना ट्रॅक्टर असणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ‘आता हा फोडायला लागतोय’, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स मधून वेगळे करायला लागतायत, हे वाक्य ऐकावं लागतं, आणि ते ऐकल्यावर पोटात गोळा येतो. निदान पुढं काय वाढून ठेवलंय ते तरी कळावं.

गळती सुरू नेमकी कधी झाली ते सांगता येणार नाही. जुलैत भाताची चिखलणी चालू होती. केज व्हील (चिखलात चालणारी लोखंडी जाळीची चाकं) लावून दिवसभर चिखलात फिरल्यावर खालून काय टपकतंय ते कळतच नाही. चिखलणी संपली, ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला आणि आठवडाभरात खालची जमीन काळी झाली. ऑगस्टच्या सुरुवातीला ऑइलची पट्टी काढून बघितली तर पातळी खालच्या खुणेच्याही खाली. एक लिटर घातलं. थोड्याच दिवसांत परत तेच.

गावातल्या फिटरला बोलावलं. त्यानं ट्रॅक्टरखाली मान घातली, बोट फिरवलं, बोट हुंगलं आणि निकाल दिला. मागची दोरी (इंजिनाचा मुख्य दांडा म्हणजे क्रँक, त्याच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं दोरीचं सील) गेलीय, टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) गळतंय, टायमिंग कव्हर (पुढचं झाकण) गळतंय, इंजिन आतून दाब मारतंय. तेव्हा हाफ इंजिन करून टाका. लायनर, पिस्टन, रिंगा, सगळी पॅकिंगं आणि मजुरी धरून अंदाज 38,000.

वडील तयार होते. ‘तीस वर्षं झाली, काम काढायला आलंच असंल.’ मला ते पटत नव्हतं. मी गोकुळ शिरगावला एका मशीन शॉपमध्ये तपासणी खात्यात आहे. ट्रॅक्टरचं इंजिन कधी उघडलेलं नाही, पण एखादा जॉब नापास करायचा तर आधी मोजावं लागतं एवढं रोजच्या कामातून अंगवळणी पडलंय. हे इंजिन भर पावसात सकाळी एका सेल्फला चालू होत होतं. निळा धूर नव्हता, ओढ कमी झालेली नव्हती. रिंगा गेलेलं इंजिन असं वागत नाही.

शिवाय घाई दुसऱ्याच कारणाची होती. आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) मुदत 21 नोव्हेंबरला संपत होती. शेतीच्या ट्रॅक्टरची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म 25 भरायचा, आणि तो मुदतीच्या आधी साठ दिवसांच्या आत. म्हणजे 22 सप्टेंबरच्या आधी अर्ज घेत नाहीत आणि नंतर गाडी तपासणीला न्यावी लागते. ऑइल ठिबकत असलेला ट्रॅक्टर तिथं उभा करायचा नव्हता.

स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला मी धुण्यापासून सुरुवात केली. आमच्या इंजिनवर ऑइल आणि धूळ मिळून बोटभर जाडीचं कीट बसलं होतं. त्या अवस्थेत कोणीही कुठंही बोट दाखवावं आणि तिथं ऑइल सापडावं. आधी पत्र्याच्या पट्टीनं कीट खरवडलं, मग डिझेल आणि ब्रश, मग साबणाचं पाणी. डायनॅमो, सेल्फ आणि एअर क्लीनरचं तोंड प्लॅस्टिक पिशवी बांधून झाकलं. वॉशिंग सेंटरला नेणार असाल तर एक जपा: गरम डिझेल पंपावर गार पाण्याचा फवारा मारू देऊ नका, पंप जाम होऊ शकतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच पाणी. धुतल्यावर एक फायदा असा झाला, की इंजिन नंबरची पाटी कित्येक वर्षांनी वाचता आली. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला, तो पुढं दोनदा उपयोगी पडला.

इंजिन वाळल्यावर आईच्या डब्यातली टाल्कम पावडर जुन्या मोज्यात भरून सगळीकडं थापटली. पांढऱ्या इंजिनाकडं बघून शेजारचे तात्या ‘लगीन हाय काय?’ म्हणून विचारून गेले. मग चालू करून अर्धा तास जागेवर सोडलं आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत गेलो. वरूनच बघायचं. ऑइल वर निघतं, उताराला लागतं, पंख्याचा वारा त्याला मागं ढकलतो आणि पडतं ते भलत्याच ठिकाणी. खालून बघणाऱ्याला सगळं मागच्या सीलचंच वाटतं.

पहिली ओली रेघ टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली. दुसरी ऑइल प्रेशरच्या मीटरला जाणाऱ्या बारीक नळीच्या जोडातून. नळी क्लँपपाशी घासून अर्धी झाली होती आणि प्रत्येक थेंब ब्लॉकवरून थेट क्लच हाउसिंगकडं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या कोठीकडं, जात होता. टायमिंग कव्हर मात्र कोरडं ठक्क. क्रँक पुलीमागचं सीलही कोरडं. फिटरनं सांगितलेल्या यादीतली एक गोष्ट तिथंच कटाप झाली.

मग आतल्या दाबाचं बघितलं. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून त्याच तोंडावर नुसतं उलटं ठेवायचं. थोडं थरथरलं तर चालतं. उडून पडलं आणि भकाभका धूर आला तर रिंगा-लायनरची शंका घ्यायची. आमचं झाकण नाचत होतं. मी जरा खचलोच. पण दाब बाहेर जायची वाट मोकळी आहे का, हे बघायचं राहिलं होतं. ब्रीदरची नळी सोडली तर तिच्या खालच्या तोंडात कुंभारमाशीनं घर बांधलेलं, आणि वर ऑइलचा डांबरासारखा गोळा. तार घालून, डिझेलनं धुऊन मोकळी केली. परत झाकण ठेवून बघितलं तर जागेवर बसून राहिलं. ब्रीदर तुंबला की आतली हवा सीलमधून आणि पॅकिंगमधून वाट काढते आणि सोबत ऑइल घेऊन येते. चांगलं सीलसुद्धा मग गळतं. हे तपासायला एक पैसा लागत नाही.

आणखी एक तपासणी, जी मला मशीन शॉपमधल्या एका सहकाऱ्यानं सांगितली: पट्टीवरच्या ऑइलला डिझेलचा वास येतो का बघ. फीड पंपाचा डायफ्राम फाटला तर डिझेल खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, पातळी वाढते आणि पातळ ऑइल कुठूनही झिरपतं. आमची पातळी कमी होत होती आणि वासही नव्हता, त्यामुळं तो विषय मिटला.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग 110 रुपये, प्रेशरची नळी 190, तांब्याचे वायसर 40. कव्हर बसवताना बोल्ट आवळायचा मोह आवरा. पत्रा वाकतो आणि नवं पॅकिंगही गळतं. आमच्या कव्हरची कड आधीच कोणीतरी आवळून वाकवलेली होती. ती ऐरणीवर ठोकून सरळ करायला पॅकिंग बसवण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

गळती निम्म्याहून कमी झाली, पण थांबली नाही. क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लोंबत असते. पिन हलत राहते म्हणून भोक चिखलानं बुजत नाही आणि आत साचलेलं ऑइल बाहेर पडतं. आमच्या पिनेवरून अजून थेंब पडत होता. अनेक जण हे भोक बोल्ट मारून बंद करतात. तसं केलं की ऑइल आतच साचतं आणि क्लच प्लेट खातं.

आता हे ऑइल इंजिनाचं की गिअरबॉक्सचं? दोन्ही बाजूंची सीलं त्याच पोकळीत उघडतात. पिनेखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवला. सकाळी त्यावर काळा, पातळ, भोवती पसरलेला डाग. शेजारी गिअरबॉक्समधलं नव्वद नंबर ऑइल काडीनं एक थेंब टाकून बघितलं तर ते पिवळसर, घट्ट, आणि गंधकासारख्या उग्र वासाचं. म्हणजे गळणारं ऑइल इंजिनाचंच होतं. पहिल्या फिटरचं मागच्या दोरीचं निदान खरं होतं. हाफ इंजिनचं मात्र नव्हतं.

त्यात क्लचही घसरायला लागला. रोटाव्हेटर लावून दाब दिला की इंजिनाचा आवाज वाढायचा आणि ट्रॅक्टर पुढं सरकायचा नाही. म्हणजे फोडणं चुकणार नव्हतं.

दुसरे मिस्त्री आमच्या पाहुण्यांच्या ओळखीनं मिळाले. वय साठीच्या पुढं, जुन्या मॅसीवरच हात बसलेला. फोनवर सगळं सांगितलं तर एवढंच म्हणाले, ‘इंजिन धुतलंय न्हवं? मग निम्मं काम झालं. गणपती होऊ दे, येतो.’ गणपती 7 सप्टेंबरला बसले, अनंत चतुर्दशी 17 ला. त्यानंतर म्हाळाचा पंधरवडा. म्हाळात कशाला ट्रॅक्टर फोडायचा, नवं सामान आणायचं, यावर घरात दोन दिवस कुरकुर झाली. मिस्त्रींचं म्हणणं वेगळं होतं: ‘त्याच पंधरवड्यात मला सवड असतीया दादा. घट बसले की ऊसवाले रांग लावत्यात.’ ते वडिलांना पटलं. 23 सप्टेंबर, सोमवार ठरला. मी रजा टाकली.

सामान आधी आणून ठेवायचं होतं. कोल्हापुरात एका दुकानात ‘1035 चं मागचं सील’ म्हटलं तर त्यानं नव्या पद्धतीचं गोल रबरी सील दिलं. त्याला वेगळं हाउसिंग लागतं. आमच्या इंजिनाला दोन अर्ध्या हाउसिंगमध्ये बसणारी दोरी. पाटीचा फोटो दाखवल्यावरही काउंटरवरचा मुलगा ‘हेच बसतंय’ म्हणत राहिला. घरी मिस्त्रींनी एका नजरेत परत पाठवलं. जीएसटीचं पक्कं बिल होतं आणि पाकीट फोडलेलं नव्हतं, म्हणून बदलून मिळालं. कच्च्या चिठ्ठीवर घेतलं असतं तर वाद घालत बसलो असतो. सील, बेअरिंग, प्लेट काहीही घ्या, जुना भाग हातात पडेपर्यंत पाकीट फोडू नका.

फोडण्याची जी धास्ती होती ती प्रत्यक्षात निम्म्या दिवसात उतरली. बॅटरीची वायर आधी काढली. मग बॉनेट, डिझेलची टाकी, डिझेलच्या नळ्या, वायरिंग, ॲक्सिलरेटरचा रॉड, मीटरची केबल, स्टेअरिंगचे रॉड. प्रत्येक वायरीला मी चिकटपट्टीवर नंबर लिहून लावला आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत टाकले. मिस्त्री हसले, पण जोडताना ‘त्यो तीन नंबर दे’ असं म्हणायला लागले.

जॅक लावायच्या आधी त्यांनी बाभळीच्या दोन पाचरी मागितल्या. पुढचा ॲक्सल मध्ये एकाच पिनेवर झुलता असतो. ट्रॅक्टर अखंड असतो तेव्हा मागचा भाग त्याला तोलून धरतो; एकदा मधून सुटला की इंजिनाचा भाग कुठल्याही बाजूला कलंडू शकतो. म्हणून ॲक्सल आणि वरचा सपोर्ट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी पाचर ठोकून झुलणं बंद करायचं. त्या घट्ट बसल्याशिवाय मिस्त्रींनी एकाही मधल्या बोल्टला पाना लावू दिला नाही. इंजिनाखाली घोडा (टेकू द्यायचा लोखंडी स्टँड), वर चेन ब्लॉक, गिअरबॉक्सखाली चाकं असलेला जॅक, मागच्या चाकांना दगड. बोल्ट सुटल्यावर दगड काढून, पुढचा भाग जागेवर ठेवून मागचा भाग हळूहळू मागं घेतला. हातभर फट पडली आणि आतला काळा चिखल दिसला.

क्लच प्लेट ऑइलनं माखलेली, लायनिंग रिव्हेटपर्यंत आलेलं. धुऊन वापरू का म्हणून विचारलं तर मिस्त्रींनी मान हलवली. ऑइल प्यालेलं लायनिंग तापलं की परत सोडतं. आतली धूळ त्यांनी हवा मारून उडवू दिली नाही, ओल्या फडक्यानं पुसायला लावली. जुन्या दोरीत आणि जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. हा धडा गॅरेजमध्ये सर्रास कोणी पाळत नाही, तुम्ही पाळा.

फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकावरचं जड चाक) उतरवायच्या आधी मी कंपनीतून मागून आणलेला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारा काट्याचा मीटर) लावला. मिस्त्रींनी पहारीनं फ्लायव्हील मागं-पुढं केलं, मग खालून उचलून बघितलं. उचलताना काटा जेमतेम हलला. क्रँकची मेन बेअरिंगं झिजलेली असती तर क्रँक वर-खाली नाचला असता आणि नवी दोरी एका हंगामात कुटून गेली असती. गेज नसलं तर अनुभवी हाताला हे कळतं, पण दोरी बदलायच्या आधी हे बघितलं जातंय ना, एवढं उभं राहून विचारा.

जुनी दोरी काढली तेव्हा ती दगडासारखी कडक आणि एका बाजूला चपटी झालेली होती. नवी दोरी म्हणजे ग्रॅफाइट लावलेले दोन काळे तुकडे, हाताला काळं लागणारे. वाटतं, खोबणीत दाबली की झालं. तसं नाही. मिस्त्रींनी हाउसिंगचा अर्धा भाग व्हाइसमध्ये उताणा धरला. खोबण टोकदार काडीनं कोरून पेट्रोलनं पुसली. मग मधून सुरुवात न करता आधी दोन्ही टोकं बसवली, प्रत्येक बाजूला इंचभर, आणि टोक हाउसिंगच्या कडेच्या किंचित वर ठेवलं, पाव ते अर्धा मिलीमीटर. मधली दोरी कमानीसारखी वर फुगून राहिली. आता ती फुगी अंगठ्यानं थोडी थोडी खाली दाबत गेले. टोकं खोबणीत अडकलेली असल्यामुळं दोरीला पळायला जागा नाही, ती आतल्या आत ठासून बसते. त्यानंतर एका गुळगुळीत गोल दांड्यानं ती आतून लाटली, पृष्ठभाग एकसारखा चकचकीत होईपर्यंत. वर आलेली टोकं ब्लेडनं कापायला मी पुढं झालो तर हात धरला. ‘ऱ्हाऊ दे. दोन्ही टोकं एकमेकांवर दाबली की मगच जोड बंद हुतोय.’ वरून ग्रॅफाइट ग्रीसचा हात, जोडाच्या कडांना सिलिकॉनचा पातळ थर, आणि दोन्ही अर्धे क्रँकभोवती बसवले. आधी बोल्ट हातानं, मग क्रँक फिरवून बघणं, मग आवळणं. एवढ्या एका कामाला दुपार गेली, आणि ती जाऊ द्यावी. ट्रॅक्टर परत फोडावा लागतो तो बहुतेक इथल्या घाईमुळं.

नव्या दोरीवर क्रँक हाताला जड लागतो. त्यानं घाबरू नका, थोडा चालला की मोकळा होतो.

उघडलंच आहे म्हणून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंगही बदललं. यातल्या दोन वस्तू, सील आणि पायलट बेअरिंग, मिळून तीनशे रुपयांच्या आहेत. त्यांच्यासाठी पुन्हा मजुरी भरायची नाही. प्लेट मधोमध बसवायला मिस्त्रींकडं जुन्या शाफ्टचा तुकडा होता. ती मधोमध नसेल तर दोन भाग जोडताना शाफ्ट आत जात नाही, आणि तेव्हा बोल्ट आवळून ओढायचा प्रयत्न कोणी करत असेल तर थांबवा, हाउसिंगचा कान तुटतो. आमचंही शेवटच्या दोन इंचांत अडलं. फ्लायव्हील थोडं फिरवलं, दात जुळले आणि भाग आपसूक बसला.

26 तारखेला संध्याकाळी चालू केला. पहिल्या अर्ध्या तासात क्लच हाउसिंगच्या पिनेतून दोन-चार थेंब पडले आणि माझा जीव वर-खाली. तो आत राहिलेला जुना ऐवज होता. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा.

खर्चाचा हिशेब असा: दोरीचा संच आणि पॅकिंग 640, क्लच प्लेट 3,400, रिलीज बेअरिंग 750, पायलट बेअरिंग 160, इनपुट शाफ्टचं सील 140, साडेसात लिटर 15W40 ऑइल आणि फिल्टर 2,710, सिलिकॉन-ग्रीस-वेस्ट वगैरे 400, मजुरी 6,000. हे 14,200. आधीचे टॅपेट कव्हर आणि नळीचे 340 मिळवून 14,540. मधल्या काळात भाड्यानं रोटाव्हेटर मारून घेतला, तो यात धरलेला नाही. चेन ब्लॉक पाहुण्यांचा होता, नाहीतर त्याचंही भाडं लागलं असतं.

आरसीचा अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावरून ऑक्टोबरात भरला. सोबत जुनी आरसी, चालू विमा, आधार आणि चेसिस नंबरची पेन्सिल छाप. ही छाप घरीच काढून ठेवा: नंबर घासून स्वच्छ करायचा, पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी फिरवायची. आमच्या नंबरवरचा थर ऑगस्टातच निघाला होता, म्हणून एका फटक्यात उठली. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं आणि आमची मुदत 21 ला, त्यामुळं शेवटच्या आठवड्यावर न ठेवता दिवाळी झाल्या झाल्या तपासणी करून घेतली. दिवे, मागचे रिफ्लेक्टर, हॉर्न, ब्रेक आणि नंबरची पडताळणी. खाली वाकून कोणी बघितलंच नाही! रिफ्लेक्टर मात्र एक फुटका निघाला, तो बाहेरच्या दुकानातून आणून तिथंच चिकटवला. आरसी 2029 पर्यंत वाढली.

काम केल्यावर दोन आठवड्यांनी क्लच पेडलचा प्ले (दाबताना सुरुवातीची मोकळी चाल) एकदा बघून घ्या. नवी प्लेट बसायला लागली की तो कमी होतो आणि रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं. आमचा लिंकेजवर दोन आटे फिरवून परत मिळाला. टॅपेट कव्हरच्या त्या ठोकलेल्या कोपऱ्यात अजून जरा ओल दिसते. कव्हरच बदलायचं म्हणतोय, जुन्या बाजारात कुठं सरळ कडेचं मिळालं तर.